कोणाचा समुदाय, कसले पुनर्वसन?

विद्यापीठांतून अपंगत्वाचा अभ्यास होऊ लागला याचे स्वागत केले पाहिजे. कालपरवापर्यंत विद्यापीठाच्या लेखी अपंग माणूस दोनच ठिकाणी होता. वैद्यकाच्या शाखेत तो रोगी होता आणि समाजकार्याच्या शाखेत दयेचा धनी. आता तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचे केंद्र निघाले, पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला; समाजकार्य महाविद्यालयांतून 'समुदायाधारित पुनर्वसन' ही संज्ञा विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळली. परंतु स्वागत करून थांबता येत नाही. दलित साहित्याने येथील समीक्षेला जो प्रश्न विचारला तोच या ज्ञानशाखेलाही विचारावा लागतो : हे ज्ञान कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या जागेवर उभे राहून सिद्ध केले? ती जागा गावात आहे की गावकुसाबाहेर?

'समुदायाधारित पुनर्वसन' या संज्ञेत समुदाय आणि पुनर्वसन असे दोन शब्द आहेत. दोन्ही शब्द आपल्या अभ्यासकांनी न तपासता उचलले, असे माझे म्हणणे आहे.

त्याआधी एका तिसऱ्या शब्दाविषयी. मी येथे 'अपंग' हाच शब्द वापरतो आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. पुढे तो सरकारी कागदावर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण विभाग या नावाचे स्वतंत्र खातेही झाले. खाते झाले हे चांगलेच. पण ज्या समाजाने 'हरिजन' हा शब्द अंगावर झेलला, नाकारला आणि स्वतःचे नाव स्वतः ठेवले, त्या समाजाला देवाघरून आलेल्या नावाचा अर्थ कोणी उलगडून सांगायला नको. अपंगांच्या संघटनांनीही या शब्दाला विरोध केला होता. नाव दिव्य झाले म्हणून कचेरीचा जिना उतरता होत नाही.

या अभ्यासाचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पॉल हंट या अपंग लेखकाने लंडनच्या 'गार्डियन' पत्रात एक पत्र लिहून आश्रमगृहांत कोंडलेल्या अपंगांना संघटित होण्याची हाक दिली. त्यातून जी संघटना झाली तिने १९७६ साली आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. तिचे म्हणणे थोडक्यात असे : हात नसणे, दृष्टी नसणे हे शारीरिक व्यंग, पण त्या माणसाला समाजजीवनातून वगळणे हे अपंगत्व. व्यंग शरीरात असते, अपंगत्व समाज लादतो. याच विचाराला पुढे अपंगत्वाची 'सामाजिक मांडणी' असे नाव मिळाले आणि आज जगभरच्या विद्यापीठांत अपंगत्वाच्या अभ्यासाचा आरंभ येथूनच होतो.

या मांडणीमागच्या प्रमुख व्यक्तींपैकी एक व्हिक फिंकेलस्टाइन. हा माणूस दक्षिण आफ्रिकेतला. तरुणपणी मान मोडली, चाकाच्या खुर्चीवर आला. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेला, सुटल्यावर त्याच्यावर बंदीहुकूम बजावला गेला आणि १९६८ साली तो निर्वासित म्हणून ब्रिटनमध्ये आला. काळ्या माणसाला बाकावर बसू न देणारी व्यवस्था त्याने पाहिली होती; म्हणून चाकाच्या खुर्चीला बसमध्ये चढू न देणारी व्यवस्था त्याला ओळखता आली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७५ साली या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या घडणीत फिंकेलस्टाइनचा मोठा वाटा राहिला. त्या अभ्यासक्रमाचे पहिले नाव होते 'समुदायातील अपंग व्यक्ती'. १९९४ पर्यंत येता येता त्याचे नाव झाले 'अपंग करणारा समाज'. वीस वर्षांत दृष्टी व्यक्तीवरून उचलून समाजावर नेली गेली. एखाद्या अभ्यासक्रमाने स्वतःचे नाव इतक्या प्रामाणिकपणे दुरुस्त करावे, हे विद्यापीठीय जगात दुर्मीळ आहे.

आपल्या विद्यार्थ्याला हा इतिहास शिकवला जातो. तो शिकवलाच पाहिजे. पण या इतिहासाचे आपल्या घरातले पान उघडले जात नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

भारतीय संविधानाचे सतरावे कलम पाहा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे म्हणून हे कलम पुढे अस्पृश्यतेतून उद्भवणारी कोणतीही 'डिसअॅबिलिटी' लादणे हा गुन्हा ठरवते. इंग्रजी मसुद्यातला शब्द हाच आहे. डोळे, हात, पाय शाबूत असलेल्या माणसाला पाणवठ्यावर, देवळात, शाळेत जाता येत नाही. म्हणजे त्याच्यावर एक अपात्रता लादली गेली आहे, आणि लादणारा गुन्हेगार आहे. अपंगत्व ही समाजाने केलेली कृती आहे असे लंडनच्या अपंगांनी १९७६ साली म्हटले; तोच शब्द नेमक्या त्याच अर्थाने १९५० साली आपल्या संविधानात येऊन बसला होता. त्याहीपूर्वी १८५० च्या एका कायद्याच्या नावात तो आहे. जात गमावलेल्या किंवा धर्मांतर केलेल्या माणसाचा वारसा हक्क राखणारा तो कायदा. आणि १९२८ साली जन्मांधाला, बहिऱ्याला, महारोग्याला वारशातून वगळणारा हिंदू नियम मोडणारा कायदा झाला, त्याच्याही नावात तोच शब्द. इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे चालत राहिला. मराठीत आपण त्याचे दोन तुकडे केले आणि दोन टेबलांवर ठेवले. समाजकल्याणाच्या एकाच कचेरीत एका टेबलावर जातीची फाईल, दुसऱ्यावर अपंगाची. या दोन टेबलांमधले अंतर हा आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासाचा विषय व्हायला हवा होता.

१९२८ च्या कायद्याने जो नियम मोडला त्याचे मूळ मनुस्मृतीत आहे. तिच्या नवव्या अध्यायात नपुंसक, जातीबाहेर टाकलेला, जन्मांध, बहिरा, वेडा, मतिमंद, मुका यांना वाटणीतून बाद करून अन्नवस्त्रावर ठेवले आहे. बहिष्कृत आणि अपंग एकाच यादीत. अकराव्या अध्यायात व्यंगाची कारणे दिली आहेत : घोडा चोरणारा पांगळा होतो, कपडे चोरणाऱ्याला कोड फुटते. मागच्या जन्मीचे पाप या जन्मी अंगावर उमटते, ही ती शिकवण. आमची जात आणि त्याचे पांगळेपण यांना एकच कारण सांगितले गेले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला तो अपंगांच्याही विरुद्ध लिहिलेला ग्रंथ होता, हे आपणही मोठ्याने म्हटले नाही आणि अपंगत्वाच्या अभ्यासकांनीही ओळखले नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचे हे गणित डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सविस्तर नाकारले आहे. कर्मवादाची ती चिकित्सा अपंगत्वाच्या कोणत्याही भारतीय अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात वाचायला हवी.

येथे एक सावधगिरी. जात आणि अपंगत्व एकच आहेत असे मी म्हणत नाही. जातीमुळे कोणाच्या पाठीचा कणा दुखत नाही, अपंगाचा दुखतो. उद्या समाज संपूर्ण समतेचा झाला तरी पोलिओने गेलेला पाय परत येत नाही, आणि वेदनेचा प्रश्न केवळ समाजाच्या अंगावर ढकलून सुटत नाही. साम्य आहे ते वगळण्याच्या यंत्रणेत.

आता समुदायाकडे वळू. समुदायाधारित पुनर्वसनाची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने मांडली, ती १९७८ च्या अल्मा-आटा येथील प्राथमिक आरोग्य जाहीरनाम्याच्या काळात. विचार साधा आणि बराचसा योग्यच होता. गरीब देशांतल्या अपंगांना मोठ्या शहरांतली पुनर्वसन केंद्रे कधीच पुरणार नाहीत. तेव्हा ज्ञान गावात न्यावे, कुटुंबातल्या माणसाला शिकवावे, गावातलाच एक कार्यकर्ता देखरेखीसाठी निवडावा, बांबू आणि लाकूड यांतून साधने करावीत. १९८९ साली या संघटनेने जी प्रशिक्षणमाला प्रसिद्ध केली तिच्यात ३० पुस्तिका आणि शिवाय चार मार्गदर्शिका होत्या. चित्रे सोपी, भाषा सोपी. २०१० साली नवी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच स्तंभ आणि प्रत्येकाखाली पाच घटक, असा पंचवीस घरांचा तक्ता आहे. आपल्याकडचे विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात.

या पंचवीस घरांत जात कोठेच नाही. जिनिव्हात बसून तक्ता करणाऱ्याला ती दिसली नाही, याचा फार राग येत नाही. पण तो तक्ता मराठवाड्यात किंवा विदर्भात नेऊन शिकवणाऱ्याला ती दिसू नये?

समजा, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत मेंदूच्या पक्षाघाताचे चार वर्षांचे मूल आहे. पुस्तिकेप्रमाणे गावाने एक कार्यकर्ता निवडला. निवडणारे गावपुढारी, कार्यकर्ता त्यांच्यापैकीच कोणाची सून किंवा पुतण्या. त्याने आता रोज वस्तीत जायचे, मुलाचे आखडलेले पाय हातात घेऊन सरळ करायचे, मान धरून भरवायचे, तोंडातून गळणारी लाळ पुसायची, आईला शेजारी बसवून हे सगळे शिकवायचे. फिजिओथेरपी हे सगळे स्पर्शाचे शास्त्र आहे. बोटांनी स्नायू ओळखायचा, तळहाताने सांध्याला आधार द्यायचा. हाताशिवाय हे शास्त्र नाही. आणि ज्या देशात हजारो वर्षे कोण कोणाला शिवणार यावरच सगळा समाज बेतला गेला, त्या देशातल्या पाठ्यपुस्तकाने 'शेजाऱ्यांची मदत घ्यावी' असे एक वाक्य लिहून पुढे जावे! कोणता शेजारी? वस्तीचा शेजारी वस्तीच. गाव तर ओढ्यापलीकडे.

उलट बाजूही पाहा. गावातल्या वाड्यात अर्धांगवायूने पडलेला म्हातारा आहे. त्याची कूस बदलायची, मलमूत्र काढायचे. हे काम करायला कोणाला बोलावतील? त्या वेळी वस्ती आठवते. अपंगांच्या आश्रमांतून, इस्पितळांतून, वसतिगृहांतून हे काम करणाऱ्या आया आणि सफाई कामगार कोणत्या जातींतून येतात, हे सांगायला शोधनिबंधाची गरज नाही. पण शोधनिबंध व्हायला मात्र हवा होता. 'काळजीवाहू' या गोड शब्दाखाली जातीची श्रमविभागणी झाकली जाते, आणि बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की येथे नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी झाली आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सांगितले ते सर्वांना माहीत आहे. खेडे हा स्वयंपूर्ण, प्रेमळ, एकजीव समुदाय, ही त्या वेळच्या पुष्कळांची समजूत होती. त्यांनी ती निर्दयपणे मोडली आणि संविधानाचे एकक खेडे न धरता व्यक्ती धरले. समुदायाधारित पुनर्वसनाचा सगळा विचार त्याच मोडलेल्या समजुतीवर पुन्हा बांधलेला आहे. ज्या समुदायाने माणसाला बाहेर ठेवले त्याच्याच सदिच्छेवर त्याला सोपवायचे. अपंगाला आश्रमगृहातून सोडवून समुदायात आणणे ही ब्रिटनमध्ये मुक्ती होती, कारण तेथे कोंडवाडा म्हणजे आश्रमगृह. आपल्याकडे कोंडवाडा पुष्कळदा समुदायच असतो. गाव सोडून मुंबईच्या झोपडपट्टीत, रेल्वेच्या पुलाखाली येऊन राहिलेल्या कित्येक अपंग दलितांनी हे पुस्तक न वाचता ओळखले आहे.

त्या तक्त्यातले एक घर 'नातेसंबंध, विवाह आणि कुटुंब' असे आहे. महाराष्ट्र सरकार आंतरजातीय विवाहाला अनुदान देते, आणि अपंग व धडधाकट यांच्या विवाहालाही देते. दोन्ही लग्ने सरकारच्या लेखी अशी की पैसे दिल्याशिवाय व्हायची नाहीत. या दोन योजनांचा एकत्र विचार केला असता येथल्या समाजाला कोणती लग्ने निषिद्ध वाटतात, याचा केवढा तरी अभ्यास झाला असता.

हस्तकौशल्याविषयी एक गोष्ट सांगून पुढे जातो. जयपूर फूट सर्वांना ठाऊक आहे. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. प्र. क. सेठी यांना मिळाला आणि तो योग्यच होता. पण तो पाय घडवणारे हात रामचंद्र शर्मा या कारागिराचे होते, ज्यांचे शालेय शिक्षण नाममात्र. हा कारागीर पुस्तकात तळटीपेसारखा येतो. आपल्याकडे संवेदना गेलेल्या महारोग्याच्या पावलाला बेताची चप्पल करून देणारा चर्मकार 'स्थानिक साधनसामग्री' या सदरात मोजला जातो, बांबूशेजारी. वर्गात शिकवायला त्याला कोणी बोलावत नाही.

ज्ञानाची ही मालकी कायद्यानेही पक्की केली आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदवही सुरू केली. नोंदणी नसता व्यवसाय करणे हा गुन्हा, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भोंदूंपासून अपंगांना वाचवण्यासाठी असा कायदा हवा, हे मान्य. पण एकीकडे 'ज्ञान समुदायाकडे द्या' असे वर्गात शिकवायचे आणि दुसरीकडे ज्ञानाला कुलूप घालून किल्ली पदवीधराकडे ठेवायची, हा विरोध विद्यार्थ्याला निदान सांगायला हवा. फिंकेलस्टाइनने १९९९ च्या सुमारास वैद्यकाशी बांधलेल्या व्यवसायांऐवजी समुदायाशी बांधिलकी मानणारे, अपंगांनी स्वतः घडवलेले व्यवसाय हवेत, असे मांडले होते. या मांडणीची चर्चा आपल्याकडे फारशी ऐकू येत नाही. तिने फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांनाही अस्वस्थ केले असते.

पुनर्वसन या शब्दाकडे येऊ. मराठी माणसाला हा शब्द प्रथम ऐकू आला तो धरणग्रस्तांच्या आणि भूकंपग्रस्तांच्या संदर्भात : घर गेले, दुसरीकडे घर द्या. 'पुनः' म्हणजे पूर्वी होते तेथे, पूर्वी होते तसे. पोलिओ होण्यापूर्वी, अपघात होण्यापूर्वी माणूस जेथे होता तेथे त्याला परत न्यायचे. उच्चवर्णीय कारकुनाचा अपघातात पाय गेला तर त्याला कारकुनीवर परत नेणे हे पुनर्वसन, हे समजते. गटारात उतरणाऱ्या माणसाचे काय? विषारी वायूने ज्याची दृष्टी गेली त्याला कोठे परत न्यायचे? गटाराच्या तोंडाशी?

हा प्रश्न मी अलंकारासाठी विचारलेला नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याच्या नावातच 'पुनर्वसन' हा शब्द आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरण पावणाऱ्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख आणि अन्य अपंगत्वास किमान १० लाख, अशी भरपाई ठरवून दिली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जातीचा धंदा आणि अपंगत्व यांना एका वाक्यात आणून बसवले. हा निकाल अपंगत्वाच्या अभ्यासाचा मूलग्रंथ मानला पाहिजे. कारण अपंगत्व कसे 'तयार' होते याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. दगडाच्या खाणीत फुप्फुसे दगड होतात, त्याचे उदाहरण आणखी कठीण. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, पण त्या एकवीसांत धुळीने निकामी झालेल्या फुप्फुसाला जागा नाही. चार पावले चालून धापा टाकत बसणारा खाणकामगार कायद्याने धडधाकट आहे.

त्याच कायद्यात सिकलसेल हा रक्तविकार मात्र आला आहे. विदर्भातल्या बौद्ध, आदिवासी आणि इतर बहुजन कुटुंबांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे, तेव्हा ही नोंद म्हणजे चळवळीचे यशच. पण कलम ३४ वाचा. सरकारी नोकरीतले चार टक्के आरक्षण अंध, बहिरे, हातापायांचे अपंग, आणि स्वमग्न, मतिमंद, मनोरुग्ण व बहुविकलांग अशा गटांत वाटलेले आहे. रक्तविकार त्यात नाहीत. म्हणजे उच्च शिक्षणाच्या पाच टक्के जागांसाठी सिकलसेलचा मुलगा अपंग, नोकरीच्या दारात मात्र अपंग नव्हे. या कलमाच्या वाटणीवर जातीच्या अंगाने प्रकाश टाकणारे संशोधन नागपूरच्या मातीत झाले नाही तर कोठे होणार?

कायद्याला मात्र दलित चळवळीचे ऋण कळले, असे दिसते. २०१६ च्या कायद्याचे ९२ वे कलम सार्वजनिक ठिकाणी अपंगाचा हेतुतः अपमान करण्याला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा सांगते. त्याची भाषा सरळ १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यावरून उचललेली आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अपंग विद्यार्थीही सामाजिकदृष्ट्या मागासच असतात, म्हणून अनुसूचित जाती-जमातींना मिळणारी गुणांची सवलत त्यांनाही द्यावी, असे मान्य केले. न्यायाधीशांना तुलना सुचली. पण जो विद्यार्थी दोन्ही आहे त्याचे काय, हा प्रश्न त्या तुलनेतच गळून जातो. 'अपंग' म्हटले की डोळ्यांसमोर जातीशिवायचा माणूस येतो आणि 'दलित' म्हटले की धडधाकट माणूस.

या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचे उत्तर आपल्याला द्यायचे आहे. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाची व्याख्या विशाल केली : अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया, आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळले जाणारे सर्व. या व्याख्येत अपंगाला जागा होती. नाव घेऊन त्याला कोणी आत बोलावले नाही. आणि आपले साहित्य? आपल्या कवितेत लोकशाही लंगडी असते, न्याय आंधळा असतो, सरकार बहिरे आणि जनता मुकी. विद्रोहाची भाषा घडवताना आपण प्रस्थापितांच्या प्रतिमा मोडल्या, पण व्यंगाला शिवी म्हणून वापरण्याची त्यांची सवय तेवढी ठेवली. १९२० साली 'मूकनायक' हे नाव आले तेव्हा त्यात ज्यांना बोलू दिले नाही त्यांचा कैवार होता. त्या नावाचे मोल कमी होत नाही. पण शंभर वर्षांनंतरच्या कवीने 'मुका' हा शब्द वापरताना खाणाखुणांच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाची आठवण ठेवायला काय हरकत आहे? तो मुका आहे, गप्प नाही.

आपल्या परंपरेत याहून वेगळे चित्रही आहे, त्याकडे आपण पुरेसे पाहिले नाही. १८८८ साली जोतीराव फुल्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले. आपण ही गोष्ट सांगतो ती जिद्दीची म्हणून. पण तो ग्रंथ एका अपंग माणसाने लिहिलेला ग्रंथ आहे, असे म्हणताना आपली जीभ अडखळते, जणू त्यामुळे जोतीराव लहान होतील. ही अडखळ तपासण्यासारखी आहे.

दिल्लीच्या अनिता घई यांनी २००३ साली अपंग स्त्रियांवर पुस्तक लिहिले आणि या देशातल्या अपंगत्वाच्या चर्चेत स्त्रीचा प्रश्न आणला. स्त्री-चळवळीलाही तिने विसरलेल्या बायकांची आठवण करून दिली. त्या स्वतः अपंग होत्या, म्हणूनच ते लिखाण दयेच्या भाषेत गेले नाही. दलित अपंगाने स्वतः लिहिलेले तशा ताकदीचे समीक्षापर पुस्तक मराठीत यायचे आहे. ते येण्यासाठी तो विद्यार्थी आधी विद्यापीठात पोचला पाहिजे आणि पोचल्यावर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढू शकला पाहिजे. आज या अभ्यासक्रमांचे क्षेत्रकार्य वस्त्यांतून चालते. विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस येतात, नोंदी करतात, त्या नोंदींवर गुण मिळतात. वस्तीतल्या आईला त्या नोंदी वाचून दाखवण्याची अट अभ्यासक्रमात घालायला फारसा खर्च येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के; अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत २.१८ टक्के. फरक लहान दिसतो, पण तो पडतो कशाने, याचे उत्तर गरिबी, धंदा, उपासमार, बाळंतपण, लस न पोचणे अशा पुष्कळ कारणांत विखुरलेले आहे आणि ते शोधणे हे विद्यापीठाचे काम. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे आणि तीत सर्व जातींची गणना होणार असल्याचे सरकारने जाहीर केले आहे. जात, व्यवसाय आणि अपंगत्व यांचे तक्ते जिल्हावार आणि एकत्र प्रसिद्ध करावेत, ही मागणी समाजकार्य महाविद्यालयांनी, अपंगांच्या संघटनांनी आणि दलित चळवळीने मिळून जनगणना आयुक्तांकडे लेखी नोंदवावी. तिघांनी एका कागदावर सह्या करण्याचा प्रसंग आजवर आलेला नाही.